तपकिरी गल्ली

६ जानेवारी

भाचोबा,

आशीर्वाद नेहमीचे धरून चाल. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, म्हणून लिहिते. पत्राला मीटिंग नसते.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी विजेचा खांब आहे, त्याला तुमच्या नगररचना खात्याने काल एक नकाशा चिकटवलाय. चिकटवणाऱ्याने गोंद इतका ओतला की अर्धी गल्ली त्याखाली दिसेनाशी झाली. उरलेली अर्धी तपकिरी आहे. आजूबाजूच्या गल्ल्या फिकट पिवळ्या, काही केशरी, आणि आमची एकटी तपकिरी. खाली लिहिलंय, 'दाट निवासी'.

दाट! एकोणीस घरांची गल्ली. त्यातल्या निम्म्या घरांत एकेक म्हातारं माणूस खोकत पडलंय. मी उभं आयुष्य इस्पितळात मेट्रन म्हणून काढलं. चाळीस खाटांच्या वॉर्डात सत्तर पेशंट सांभाळले, त्यातले काही खाटेखाली झोपायचे. दाटी म्हणजे काय ते मला तुमच्या खात्याने शिकवू नये.

रंग कुठलाही द्या, मला त्याचं काही नाही. पण खाली बारीक अक्षरांत आहे की दाट वस्तीला रुंद रस्ता लागतो, म्हणून आमच्या बाजूच्या सगळ्या घरांचा पुढचा भाग पाडणार. म्हणजे माझी पुढची खोली आणि निजायच्या खोलीची अर्धी बाजू. मागे उरणार स्वयंपाकघर आणि जिना. जिना तर वरचीचा. जाऊ म्हणून ती माझी धाकटी, पण राहते डोक्यावर. तिचाही सज्जा जाईल, एवढंच काय ते समाधान.

ही अक्कल कुणाची, ते चौकशी करून कळव. तुझे ते साहेब असतील. मला ते पहिल्यापासून बावळट वाटतात.

तुझी आत्या

१७ जानेवारी

आत्या,

तू चिडली आहेस म्हणजे तब्येत ठणठणीत आहे असं समजतो.

साहेब बावळट आहेत हे खरं, पण हे काम त्यांचं नाही. तुमच्या गल्लीची मोजणी मीच केली. आता शांतपणे वाच. वस्ती दाट की विरळ हे माणसं मोजून ठरत नाही. माणसं येतात, जातात, मरतात. आम्ही घरं मोजतो. आणि घर म्हणजे भिंती नव्हेत. ज्याला स्वतःचं स्वयंपाकघर आहे ते एक घर. ओटा दिसला, त्याला नळ दिसला, धूर जायला वाट दिसली, की आमच्या लेखी तिथे एक कुटुंब राहतं. अशी घरं जागेच्या मानाने कमी असली तर विरळ, बरी असली तर मध्यम, त्याहून जास्त म्हणजे दाट. सगळ्या जगात असंच मोजतात. मी काढलेलं शास्त्र नाही.

तुमच्या एकोणीस घरांत सत्तेचाळीस स्वयंपाकघरं निघाली. शिंपी भावांच्या एका घरात चार! दोघे भाऊ भांडले तेव्हा दोन झाली, मग मुलं भांडली. फोटोवाल्याकडे सासूचा ओटा आणि सुनेचा ओटा एकाच भिंतीला पाठीला पाठ लावून. एवढ्याशा गल्लीत वेगळी चूल मांडण्याची एवढी हौस मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. असल्या लोकांना रुंद रस्ता हवाच, एकमेकांना टाळून जायला.

तुझ्या घरी दोन. तुझा एक, वरच्या काकूंचा एक. मी आलो त्या दिवशी तू मलाच चहा करायला लावलास, 'अधिकारी झालास, बघू चहा तरी जमतो का' म्हणून. तुझा रुबाब काही कमी झालेला नाही. मी चहा केला, ओटा पाहिला, खूण केली.

फेब्रुवारी संपेपर्यंत हरकत घेता येते. ओटे पस्तीसच्या खाली आले तर फेरमोजणी होऊन गल्ली मध्यममध्ये बसेल, आणि मध्यमला आहे तोच रस्ता पुरतो. पण तुमच्या गल्लीतली माणसं एका ताटाशी बसायला सूर्य पश्चिमेला उगवावा लागेल. त्यापेक्षा नवीन इमारतीत एखादा छानसा फ्लॅट घे. लिफ्ट असेल.

तुझा भाचा

२ फेब्रुवारी

भाचोबा,

लिफ्टमध्ये तू राहा.

म्हणजे आम्ही भांडलो म्हणून दाट झालो? घरोघरी मातीच्या चुली असं लहानपणापासून ऐकत आले. त्या मोजून त्यांच्यावरून रस्ता काढणारं खातं असेल हे मात्र ठाऊक नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकता, ते एक वेळ समजू शकते. खाली उतरून मोजता आणि तरी शेळ्या दिसत नाहीत, ह्याला काय म्हणावं?

तरी मी गल्लीची सभा घेतली. माझ्याच पुढच्या खोलीत, जी तुम्ही पाडायला निघालात. झाडून सगळे आले, कारण दुसरा काय बोलतो ते प्रत्येकाला ऐकायचं होतं. वरचीसुद्धा आली आणि दाराशी उभी राहिली. मी तुझा नियम समजावून सांगितला. स्वयंपाकघरं कमी झालीच पाहिजेत, यावर सगळ्यांचं एकमत झालं. कुणाची, असं विचारल्यावर प्रत्येकाने शेजारच्याकडे पाहिलं.

धाकटा शिंपी म्हणाला, "आमच्या दादाचं बंद करा. तसंही तिथे शिजतं काय?"

थोरला म्हणाला, "शिजेल कसं? अर्धी भांडी तुझ्याकडे आहेत."

फोटोवाल्याची सून म्हणाली, "सासूबाईंनी मिठाचा डबा वेगळा केला, मग मी ओटा वेगळा केला. सुरुवात कुणाची ते तुम्हीच सांगा." आणि ते आमचे सूचनाकाका, ज्यांनी जन्मात स्वतःचा कप विसळलेला नाही, त्यांनी सुचवलं की सगळ्या गल्लीचं मिळून एकच स्वयंपाकघर काढावं आणि त्याचं अध्यक्षपद त्यांना द्यावं. माणसं आहेत की काय आहेत! यांच्यासाठी मी घर वाचवतेय असं कुणाला वाटायला नको. मी माझ्यासाठी वाचवतेय.

मग मी वॉर्डात करायचे तेच केलं. राऊंड घेतला. एकेकाला वेगळं गाठलं आणि सांगितलं की तुझा भाऊ मोठ्या मनाने स्वतःचा ओटा फोडायला तयार झालाय, सगळी गल्ली त्याचं कौतुक करतेय. हे अर्थातच खोटं होतं. पण घर पडलं तर चालेल, भावाचं कौतुक झालेलं चालणार नाही, अशी ही जात. संध्याकाळच्या आत धाकटा शिंपी घण घेऊन आला. थोरल्याने तो घण हिसकावून स्वतःचा ओटा आधी फोडला. फोटोवाल्याच्या सुनेने आणि तिच्या सासूने एकाच वेळी फोडायला घेतले, तेव्हा मला मध्ये पडून एकीचा वाचवावा लागला, नाहीतर त्या घरात चहाला जागा उरली नसती.

आकडा खाली येतोय. तुझी पेन्सिल तासून ठेव.

आत्या

९ फेब्रुवारी

आत्या,

तुला मानलं. गल्लीच्या चांगुलपणावर विसंबली असतीस तर अजून सभाच चालू असती.

पण एक लक्षात ठेव. नुसता गॅस उचलून माळ्यावर टाकला, ओट्यावर चादर घालून फुलदाणी ठेवली, असले प्रकार चालणार नाहीत. ओटा पूर्ण काढलेला आणि नळ बंद केलेला दिसला पाहिजे. फेरमोजणीला मीच येणार आहे, आणि आत्याचं घर म्हणून सवलत मिळणार नाही. साहेब आत्ताच मला 'गल्लीचा जावई' म्हणायला लागलेत. त्यांच्या विनोदबुद्धीची तुला कल्पना आहे.

आणि दुसऱ्यांच्या घरात घण चालवणं सोपं. तुझ्या घरातले दोन ओटे कधी एक होतायत? तू आणि वरच्या काकू म्हणजे विळ्या-भोपळ्याचं सख्य. बघ, तुझी मोहीम शेवटी तुझ्याच जिन्याशी अडणार.

तुझा भाचा

२० फेब्रुवारी

भाचोबा,

तुझ्या तोंडात किडे पडोत.

पस्तीस झाले. तुला पस्तीसच्या खाली हवेत, म्हणजे अजून एक. बाकीच्या घरांत आता फोडण्यासारखं काही उरलेलं नाही. उरलेत ते खरोखरच वेगळे राहणारे, भाडेकरू वगैरे. राहिलं फक्त आमचं घर. काल सगळी गल्ली माझ्या दाराशी येऊन उभी राहिली. ज्यांना मी खोटं बोलून कामाला लावलं, तीच माणसं आता मला मोठं मन दाखवायला सांगत होती. सूचनाकाका तर म्हणाले, "मेट्रनबाई, आता त्याग तुमचा." त्यागावर बोलणारा माणूस बघून घे.

मी वर गेले. आमच्या दोघींचे नवरे गेल्यापासून तो जिना मी चढले नव्हते. तिने दार उघडलं आणि म्हणाली, "या जाऊबाई. ओटा बघायला आलात की फोडायला?"

मी म्हटलं, "तुझा फोड. धाकटी तू आहेस."

तर म्हणते, "फोडते की. खाली तुमच्याकडे जेवायला येईन. तुम्ही काय शिजवता ते तरी कळेल."

हे ती ज्या सुरात म्हणाली ना, मी तिथल्या तिथे वळले. याच बाईने भर पाहुण्यांत म्हटलं होतं, "जाऊबाईंच्या हाताला चव नाही, सवय आहे." पाहुणे हसले होते. त्यानंतर आठवड्याभरात तिने वर ओटा बांधला, आणि मी म्हटलं, पीडा गेली.

तर आता ऐक. ती खाली माझ्याकडे जेवायला येणार नाही आणि मी वर तिच्या पंगतीला बसणार नाही. माझा ओटा फुटणार नाही. पुढची खोली जात असली तर जाऊ दे. गल्लीचं काय व्हायचं ते होईल, त्यांनी माझं असं काय भलं केलंय? तू मोजायला येऊ नकोस, तुझे पाय दुखतील.

आत्या

२३ फेब्रुवारी

अधिकारीसाहेब,

तुला मी पत्र लिहीन असं तुला वाटलं नसेल. मलाही वाटलं नव्हतं. आत्याच्या पत्रांत मी 'वरची' असणार आणि वाईट असणार, हे न वाचता सांगते. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तू मोजणीला आला होतास. तिच्या ओट्यावर हात ठेवलास, खूण केलीस आणि एक कुटुंब लिहून मोकळा झालास. येताना डोळे बरोबर आणले होतेस ना? त्या ओट्यावर दोन वर्षं काही शिजलेलं नाही. तुझ्या आत्याचे हात थरथरतात. पेला उचलला की अर्धा सांडतो, सुरी तर धरवतच नाही. डॉक्टरकडे जाणार नाही, कारण गावातले निम्मे डॉक्टर तिने कधी ना कधी झापलेले आहेत. पाव आणि बिस्किटं पाण्यात बुडवून खाते. आणि रोज सकाळी कुकरमध्ये नुसतं पाणी घालून तीन शिट्ट्या होऊ देते. मला वर ऐकू जाव्यात म्हणून!

कांदा परतल्याचा वास येत नाही, काही चिरल्याचा आवाज येत नाही, तिच्या कचऱ्याच्या बादलीत दोन वर्षांत भाजीचं एक देठ दिसलं नाही. आणि मी शिट्टीला फसेन असं तिला वाटतं. एवढी मूर्ख समजते मला.

मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने बादलीसुद्धा आत ठेवली असती, आणि मग ती काही खाते की नाही हेही मला कळलं नसतं. ती वर आली त्या दिवशी दारात तोंडातून निघून गेलं, 'काय शिजवता ते कळेल' म्हणून. जीभ आवरायला हवी होती. तिचा चेहरा असा झाला की मला रात्रभर वाईट वाटलं.

गैरसमज करून घेऊ नकोस. तिच्यावरचा माझा राग गेलेला नाही. बाई गर्विष्ठ आहे, तिच्या जिभेला हाड नाही आणि तिच्या हाताला खरंच चव नव्हती. पण खाली माणूस उपाशी असताना वर बसून मला जेवण जात नाही. दोन वर्षं तसंच ढकलतेय.

आता कामाचं विचारते. माझा ओटा फोडला तर पुरेल ना? मी तिला सांगणार आहे की ओट्याखालचा नळ गळून भिंत ओली झाली, ओटा काढावाच लागला, दुरुस्ती होईपर्यंत तुमच्या स्वयंपाकघरात रांधू द्या. पदर पसरून सांगेन. मला विनवण्या करताना बघायला मिळतंय म्हटल्यावर ती नाही म्हणायची नाही.

एका ओळीत उत्तर दे आणि हे पत्र फाडून टाक.

वरची

२६ फेब्रुवारी

काकू,

पुरेल. ओटा पूर्ण काढा आणि नळाला बूच बसवून घ्या.

एका ओळीत लिहायला सांगितलंत, पण राहवत नाही. त्या दिवशी चहा मी केला, तेव्हा साखरेचा डबा रिकामा होता. 'साखर सोडलीय' असं ती म्हणाली आणि मी मान डोलावली. फडताळात एक भांडं पालथं घातलेलं होतं, त्यावर धूळ होती. तीही मी पाहिली. पण आमच्या तक्त्यात स्वयंपाकघर आहे की नाही एवढंच विचारलेलं असतं. मी गल्लीला हसत होतो, आणि माझी सख्खी आत्या माझ्यासमोर उपाशी बसली होती. माझी मलाच लाज वाटते.

पत्र फाडलं आहे.

तुमचा

अधिकारी म्हणू नका

१९ मार्च

भाचोबा,

खांबावर नवा नकाशा लागला. आम्ही केशरी झालो. 'मध्यम निवासी' हे शब्द मी मोठ्याने वाचून दाखवले, कारण सूचनाकाकांनी चष्मा आणला नव्हता. पुढची खोली राहिली. शिंपी भाऊ आता एका ओट्यावर भांडतात, ते अधिक सोयीचं आहे असं दोघांच्या बायका सांगतात. मी ओटा दिला नाही म्हणून ज्यांनी मला नावं ठेवली, तेच आता पेढे वाटल्यासारखी तोंडं करून फिरताहेत. तू मोजायला आलास तेव्हा मात्र एवढा गप्प का होतास? घशाला काही झालं असलं तर मिठाच्या पाण्याने गुळण्या कर.

आता खरी बातमी. वरची हरली!

तिच्या ओट्याखालचा नळ गळला. गळणारच, गवंड्याला पैसे कमी दिले की असंच होतं. ओटा फोडावा लागला आणि बाई आल्या खाली. "जाऊबाई, काही दिवस तुमच्या स्वयंपाकघरात रांधू द्या." मी लगेच हो म्हटलं नाही. दोनदा म्हणायला लावलं. मग म्हटलं, बरं, पण माझ्या पद्धतीने रांधायचं.

तेव्हापासून ती सकाळी तिची भांडी घेऊन येते आणि मी स्टुलावर बसून देखरेख करते. तिला कशाची पद्धत म्हणून नाही. ताट-वाट्या वरून आणायचा कंटाळा, म्हणून मला खोलगट वाडग्यात वाढते आणि हातात मोठा चमचा देते. वाडग्याखाली ओलं फडकं घालते, का तर म्हणे टेबल खराब होतं. आणि जेवताना माझ्याकडे पाठ करून खिडकीकडे तोंड करून बसते. दुसऱ्याच्या घरी जेवताना असं बसतात का? पण मी काही बोलले नाही, तिला एवढं कुठलं कळायला.

तिच्या हाताला चव आहे, हे तिच्याजवळ बोलायचं नाही. तुला एक सांगते, तेही तुझ्यापाशीच ठेव. माझे हात हल्ली थोडे थरथरतात. कुणाच्या लक्षात आलेलं नाही. त्यामुळे मध्यंतरी माझं रांधणं जरा कमी झालं होतं. परवा मी दुसऱ्यांदा भात मागितला. मागेपर्यंत मला कळलंच नाही की मी मागतेय. तिने मागे न बघता वाढला. मग मी तिसऱ्यांदा मागितला. पोट भरलं की डोळ्यांना पाणी येतं हे मी पेशंटांमध्ये पुष्कळदा पाहिलंय, स्वतःचं पहिल्यांदाच पाहिलं.

काल ती म्हणत होती की गवंडी पुढच्या आठवड्यात मोकळा आहे. म्हणजे नवा ओटा झाला की ही पुन्हा वर जाणार.

तुमच्या खात्याचा एखादा नियम असेलच, की मध्यम वस्तीत एकदा फोडलेला ओटा परत बांधता येत नाही. असला तर तो तिला सरकारी भाषेत, सही-शिक्क्यानिशी, ताबडतोब कळव. नसला तर कर.

तुझी आत्या